पाळी लांबते? कॅलेंडर पाहा, दोघं मिळून तपासणीला चला



गाय कधी गाभण राहिली, पेरणी कोणत्या नक्षत्रावर केली, डेअरीचं बिल कोणत्या तारखेला जमा झालं, हे आपल्या घरात कुणालाही विचारा. तोंडपाठ असतं. पण घरच्या सुनेची मागची पाळी कोणत्या तारखेला आली होती, असं विचारलं तर ती स्वतःच आढ्याकडे बघायला लागते. “पोळ्याच्या आसपास असेल.” “दिवाळीला अडचण आली होती एवढं आठवतं.” नवऱ्याला तर विचारायचीच सोय नसते. बायकांच्या गोष्टी, म्हणून तो बाहेर ओट्यावर जाऊन बसतो.

या पत्रकात ज्या आजाराची माहिती दिली आहे तो ओळखण्याची पहिली पायरी मात्र तारीख हीच आहे. महागडं यंत्र नंतर येतं. या आजाराला पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम म्हणतात. दवाखान्यात पीसीओएस आणि बायकांच्या बोलण्यात पीसीओडी. नाव इंग्रजी असलं तरी आजार शहरातल्या बायकांचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं मूल होण्याच्या वयातल्या शंभर बायकांमध्ये साधारण दहाजणींना तो असतो, आणि त्यातल्या बहुतेकींना आपल्याला तो आहे हे ठाऊकच नसतं.

असं एक जोडपं डोळ्यांपुढे आणा

लग्नाला तीन वर्षं झाली. ती तेवीस वर्षांची, तो अठ्ठावीसचा. पाळी महिन्याच्या महिन्याला कधीच येत नाही. दोन महिने, कधी तीन महिने जातात. पहिल्यांदा पाळी लांबली तेव्हा सासूबाईंनी आनंदानं डोक्यावरची पाण्याची घागर उतरवून घेतली. शेजारी पेढे वाटायचेच बाकी होते. अडीच महिन्यांनी अंगावरून जायला लागलं. दुसऱ्यांदाही तसंच झालं. तिसऱ्यांदा घरात कुणी काही बोललं नाही, आणि ते न बोलणंच तिला जास्त लागलं.

मग देवऋषी झाला, गंडा झाला, कुणी सांगितलेला काढा झाला. मेडिकलच्या दुकानातून ‘पाळी आणायची गोळी’ आणली, ती घेतली की चार दिवसांनी पाळी यायची. गोळी नाही तर पाळी नाही. आत्याबाईंनी दिवाळीत येऊन दुसऱ्या मुलीचं स्थळही सुचवलं. (पहिली बायको असताना दुसरं लग्न करणं १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. आणि मूल होत नसल्याचं कारण कोणाकडे आहे हे न तपासता केलेल्या दुसऱ्या लग्नानं पाळणा हलेलच असंही नाही.)

एक गोष्ट ती कुणालाच सांगत नव्हती. पहाटे सगळे उठायच्या आत ती आरशापुढे बसून हनुवटीवरचे राठ केस चिमट्यानं उपटायची. हे पाळीशी जोडलेलं असेल असं तिच्या मनातही आलं नव्हतं. लाज वाटत होती, एवढंच.

पोटात नेमकं काय होतं

ओटीपोटात गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना एकेक बीजकोश असतो. त्यालाच अंडाशय म्हणतात. दर महिन्याला त्यात काही बीजं एकदम वाढायला लागतात, त्यांतलं एक पुढे जातं, पूर्ण पिकतं आणि बाहेर पडतं. ते पुरुषबीजाला मिळालं तर दिवस राहतात. नाही मिळालं तर साधारण दोन आठवड्यांनी पाळी येते. म्हणजे पाळी वेळेवर येणं ही बीज वेळेवर सुटत असल्याची खूण आहे.

या आजारात बीजं वाढायला लागतात, पण एकही पुरतं पिकत नाही. शेतात ताटं दाट उगवावीत आणि एकाही कणसात दाणा भरू नये, तसं. ती अर्धवट बीजं बीजकोशाच्या कडेनं लहान लहान पाण्याच्या फुग्यांसारखी बसून राहतात, मोहरीएवढी ते वाटाण्याएवढी. सोनोग्राफीच्या कागदावर यांनाच सिस्ट लिहिलेलं असतं आणि घरी येऊन त्याचं ‘गाठी झाल्या’ असं भाषांतर होतं. गाठ म्हटलं की माणूस घाबरतो. या गाठी नव्हेत आणि कर्करोगही नव्हे. त्या कापून काढाव्या लागत नाहीत.

बीज का पिकत नाही? शरीरात काही रस रक्तातून फिरत असतात, त्यांना संप्रेरकं किंवा हार्मोन म्हणतात. पुरुषी संप्रेरक प्रत्येक बाईच्या अंगात थोडं असतंच. या आजारात ते वाढतं. बऱ्याच जणींच्या अंगात साखर जिरवणारं इन्शुलिन नीट लागू पडत नाही, म्हणून शरीर ते जास्त तयार करतं आणि त्या जादा इन्शुलिननं बीजकोश आणखी पुरुषी संप्रेरक बनवतो. केस, मुरूम आणि लांबलेली पाळी ही तिन्ही एकाच झाडाची फळं आहेत, ती अशी. हा आजार घराण्यात चालतो. आई, मावशी, बहीण यांच्यापैकी कुणाला पाळीचा त्रास किंवा मधुमेह आहे का, ते आठवून पाहावं. बाईनं काही केलं म्हणून हा आजार होत नाही, आणि कुणी करणी केली म्हणून तर नाहीच नाही.

जाड बायकांनाच हा होतो, असा एक समज आहे. तो खरा नाही. वजन जास्त असलं की त्रास वाढतो हे खरं, पण शिडशिडीत, रोज खुरपणीला जाणाऱ्या बाईलाही हा आजार असू शकतो, आणि नेमकी तीच तपासणीतून सुटते.

ओळखायचा कसा

अमेरिकेतल्या शिकागो शहरात स्टाइन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी १९३५ साली अशा सात बायकांची हकीकत लिहिली, तेव्हापासून वैद्यकात या आजाराची नीट ओळख झाली. पण कुणाला तो आहे म्हणायचं आणि कुणाला नाही, यावर पुष्कळ वर्षं वाद होता. २००३ साली नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम गावी तज्ज्ञ जमले आणि त्यांनी तीन खुणा ठरवल्या. तीनपैकी दोन असल्या आणि दुसरं कारण सापडलं नाही, तरच हा आजार आहे म्हणायचं. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनातही हाच पाया कायम आहे.

पहिली खूण पाळीची. एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजावं. हे अंतर २१ ते ३५ दिवसांच्या आत असलं तर सहसा ठीक. नेहमीच ३५ दिवसांच्या वर जात असेल, २१ दिवसांच्या आत येत असेल किंवा वर्षाकाठी आठापेक्षा कमी पाळ्या येत असतील, तर ती अनियमित पाळी समजावी. एखाददुसरा महिना मागेपुढे झाला म्हणून घाबरायचं कारण नाही. आजारपण, बाळंतपण, जागरण, काळजी, उसाच्या फडावरचे कष्ट, यांनीही पाळी सरकते.

इथे कॅलेंडर उपयोगी पडतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाळीच्या पहिल्या दिवशी पेन्सिलीनं एक फुली मारावी. गोळी घेऊन पाळी आणली असेल तर फुलीभोवती गोल करावा, कारण ती पाळी शरीराची स्वतःची नव्हे. सहा महिन्यांचं असं कॅलेंडर डॉक्टरांपुढे ठेवलं की अर्धं निदान तिथेच होतं. बायकोला लिहिता येत नसेल, लाज वाटत असेल, तर ही फुली नवऱ्यानं मारावी. दुधाच्या रतिबाचा हिशेब तोच ठेवतो ना!

दुसरी खूण जास्तीच्या पुरुषी संप्रेरकाची. वरच्या ओठावर, हनुवटीवर, छातीवर, बेंबीच्या खाली, मांड्यांवर राठ काळे केस येणं. मऊ लव वेगळी, ती सगळ्यांनाच असते. चेहऱ्यावर, पाठीवर हट्टी मुरूम असणं, डोक्यावर भांगापाशी केस विरळ होणं, हेही यातच येतं. चेहरा स्वच्छ केलेला असेल तर डॉक्टरांना दिसणार नाही, तेव्हा आपण होऊन सांगावं. केस दिसत नसले तरी रक्तात हे संप्रेरक वाढलेलं सापडू शकतं.

मानेवरच्या काळेपणाबद्दल वेगळं सांगायला हवं. काहींच्या मानेच्या मागे, काखेत कातडी काळी, जाडसर, मखमलीसारखी होते. घरचे म्हणतात मळ आहे, घास. पोरी वजरीनं घासून घासून मान सोलवटून घेतात. तो मळ नव्हे. अंगात इन्शुलिन वाढल्याची ती खूण आहे आणि घासून जात नाही. अशी मान दिसली तर साखर तपासून घ्यावी.

तिसरी खूण बीजकोशात पुष्कळ बारीक फुगे असणं किंवा बीजकोशाचा आकार वाढणं. हे सोनोग्राफीत दिसतं. याबद्दल लोकांची सगळ्यात मोठी चूक होते. सोनोग्राफीत फुगे दिसले म्हणजे आजार आहेच, असं नाही. पाळी अगदी वेळेवर येणाऱ्या, काही त्रास नसलेल्या कितीतरी तरुण बायकांच्या बीजकोशात असे फुगे दिसतात. उलट पाळी अनियमित आहे आणि राठ केसही आहेत, तर सोनोग्राफी न करताही निदान करता येतं. तेव्हा कुणी नुसत्या सोनोग्राफीच्या कागदावरून वर्षभराची औषधं लिहून दिली, तर “माझ्या पाळीचं काय, ते विचारलंच नाहीत” असं म्हणायचा आपल्याला हक्क आहे.

घरात वयात आलेली नणंद किंवा धाकटी बहीण असेल तर तिला हा नियम जसाच्या तसा लावू नये. पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं ती मागेपुढे होतेच. पहिल्या आठ वर्षांत निदानासाठी सोनोग्राफी धरतही नाहीत. पोरीला उगाच शिक्का मारून तिच्या लग्नाची काळजी वाढवू नये. पण एकेक पाळी तीन-तीन महिने येत नसेल तर दाखवून आणावं.

तपासणीच्या दिवशी

आपलं जोडपं शेवटी ग्रामीण रुग्णालयात गेलं. आशाताईंनीच त्यांना धाडलं. आधी त्यांनी ‘निश्चय’ किटवर लघवी तपासून दिवस गेलेले नाहीत ना, ते पाहिलं. हे आधी पाहायलाच हवं. पाळी चुकण्याचं सगळ्यात साधं कारण गर्भ हेच असतं, आणि ते न बघता पाळी आणायची गोळी घेणं चुकीचं.

डॉक्टरीणबाईंनी कॅलेंडर मागितलं. नव्हतं. मग सणावारांवरून हिशेब लावला, तर वर्षात पाचच पाळ्या निघाल्या.

“चेहऱ्यावरचे केस काढता का, ताई?”

ती गप्प. नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. तिनं मान हलवली.

“किती दिवसांपासून?”

“लग्नाआधीपासून, मॅडम. कुणाला माहीत नाही.”

“बरं झालं सांगितलंत. त्याच्यावाचून मी थायरॉईड-थायरॉईड करत बसले असते.”

थायरॉईडची तपासणी तरीही झाली, आणि ती व्हायलाच हवी. पाळी लांबण्याची दुसरी कारणं बाजूला काढल्याशिवाय पीसीओएसचं नाव घेता येत नाही. थायरॉईड कमी-जास्त असला तरी पाळी बिघडते. प्रोलॅक्टिन नावाचं दुधाचं संप्रेरक वाढलं तरी बिघडते, मूल अंगावर नसताना स्तनातून दूध येत असेल तर ते जरूर सांगावं. मूत्रपिंडाच्या वर असणाऱ्या ग्रंथींचा एक दोषही असाच दिसतो, त्यासाठीही रक्ताची वेगळी तपासणी आहे. पोटातल्या क्षयानं गर्भाशयाचं अस्तर खराब होऊन पाळी कमी होते, आपल्याकडे हे विसरून चालत नाही. फार अशक्तपणा आला, वजन एकदम उतरलं, तरी पाळी थांबते. बाळंतपणानंतर बाळ अंगावर पीत असताना पाळी न येणं हे तर स्वाभाविकच आहे. आणि काही महिन्यांतच राठ केस भराभर वाढले, आवाज घोगरा झाला, तर थांबू नये. लगेच मोठ्या रुग्णालयात जावं, कारण तिथे क्वचित दुसराच गंभीर आजार निघतो.

पाळणा लांबवायच्या गोळ्या चालू असतील तर ते सांगावं. त्या चालू असताना पाळी गोळीमुळे नियमित येते आणि रक्तातल्या संप्रेरकांचे आकडे खरे कळत नाहीत.

मग बाई नवऱ्याकडे वळल्या. “दादा, तुमचीही तपासणी करायची आहे.” तो दचकला. “माझी कशाला, मॅडम? मला काय झालंय?” काही झालेलं नसेलही. पण मूल दोघांचं असतं आणि अडचण दोघांत कुठेही असू शकते. कधी दोघांतही असते. वीर्याची तपासणी सोपी, न दुखणारी आहे. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता ती करायची असते. बायकोला दोन वर्षं गोळ्या खायला लावून शेवटी नवऱ्याची तपासणी करायची, हा उलटा कारभार फार घरांत चालतो. पाळी नियमित असलेल्या जोडप्यानं वर्षभर वाट पाहून तपासणीला यावं. पाळी अनियमित असेल तर वर्षभरही थांबू नये.

सोनोग्राफी झाली ती बीजकोश पाहण्यासाठी. पोटावरून करायची असेल तर पाणी पिऊन लघवी साठवून ठेवावी लागते. सोनोग्राफीच्या खोलीत जी पाटी असते ती १९९४ च्या गर्भलिंग निदानाविरुद्धच्या कायद्याची. दिवस गेल्यावर मुलगा की मुलगी हे विचारणं आणि सांगणं दोन्ही गुन्हा आहे. बीजकोशाच्या तपासणीला त्या कायद्याची आडकाठी नाही.

निदान झालं, पुढे काय

पहिली गोष्ट, ही बाई वांझ नाही. बीज सुटत नाही, ते सुटायला मदत करता येते. वजन जास्त असेल तर साठ किलोच्या बाईचं तीन किलो उतरलं तरी कित्येकींची पाळी सुधारायला लागते. जेवण बंद करायचं नाही. साखरेचा चहा दिवसातून पाच वेळा घेता तो दोनदा घ्या, भात कमी करून भाकरी, डाळ, उसळ, पालेभाजी वाढवा. आणि बाईनं सगळ्यांच्या मागून उरलेलं खायचं, ही रीत सोडा. उरलेल्यात नेहमी भातच असतो. मूल हवं असेल तर बीज पिकवायच्या गोळ्या आहेत, त्या पाळीच्या ठरावीक दिवसांत, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायच्या. शेजारणीला गुण आला म्हणून तिची चिठ्ठी दुकानात नेऊ नये. दिवस राहिले की बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवावं, कारण या बायकांना गरोदरपणात साखर आणि रक्तदाब वाढण्याची भीती जास्त असते.

दुसरी गोष्ट, मूल इतक्यात नको असलेल्यांसाठी. “पाळीच येत नाही, मग साधन कशाला?” या हिशेबात पुष्कळ जोडपी फसली आहेत. बीज कधीमधी सुटतंच, आणि ते पाळीच्या आधी सुटतं. कोणत्या दिवशी ते कळायला मार्ग नसतो. मग पाळी नेहमीसारखी लांबली आहे असं समजून बाई राहते, आणि चौथ्या महिन्यात पोट दिसायला लागतं. तारखा मोजून संबंध टाळायची पद्धत या बायकांना मुळीच लागू पडत नाही. निरोध चालतो, तांबी चालते. ‘माला-एन’ या सरकारी गोळ्या मोफत मिळतात. त्यांनी पाळणाही लांबतो, पाळीही नियमित येते आणि काही महिन्यांनी केसांची वाढही मंदावते. मात्र सुरू करण्याआधी रक्तदाब तपासावा. अर्धशिशी असेल किंवा सहा महिन्यांच्या आतलं बाळ अंगावर पीत असेल तर तसं सांगावं, दुसरं साधन मिळेल.

तिसरी गोष्ट, मुलं झालेल्या बायकांसाठी. घर भरलं, आता पाळी नाही आली तरी बरंच, कटकट गेली, असं म्हणू नये. पाळी महिनोन्‌महिने आली नाही तर गर्भाशयाचं अस्तर आतल्या आत जाड होत जातं. कधी मग एकदम पंधरा-पंधरा दिवस जातं, रक्त कमी होतं, आणि वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालं तर त्या अस्तराचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो. तीन महिन्यांवर पाळी गेली की दाखवावं. आणि “पिशवी काढून टाका, कटकट मिटेल” असं कुणी सांगितलं तर थांबावं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं किती सहज काढली जातात, हा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पीसीओएस गर्भाशयाचा आजार नाही. पिशवी काढली तरी इन्शुलिन, साखर, केस सगळं तिथल्या तिथेच राहतं.

तपासणीला येताना

सहा महिन्यांचं कॅलेंडर आणावं. ते नसेल तर आजपासून फुल्या सुरू कराव्यात, पण त्यासाठी सहा महिने येणं लांबवू नये. आधीचे कागद, खाल्लेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं, मेडिकलमधून आणलेलीसुद्धा, पिशवीत घालावीत. नवराबायकोनं बरोबर यावं. साखरेच्या तपासणीसाठी बाईनं रात्रीपासून उपाशी असावं, पाणी चालतं. आधी एकदा रक्त घेतात, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घालून प्यायला देतात, आणि बरोबर दोन तासांनी पुन्हा रक्त घेतात. या दोन तासांत काही खायचं नाही, बाजार करून येतो म्हणून निघूनही जायचं नाही. भाकरी बांधून आणावी, दुसरं रक्त दिलं की तिथेच झाडाखाली बसून खाता येते.